तुडूम

सोसायटीच्या धानकाट्यावर
पहिला कट्टा चढायच्या आधी
मी बाबाला चढवतो.
अठ्ठावन्न सहाशे.
काल होते अठ्ठावन्न दोनशे.
आवक-वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवतो,
फक्त तारीख नि आकडा.
बिधन हमाल रोज तेच विचारतो,
"दसारामभाऊले भाव का लागला आज?"
बाबा हसतो,
आणि हसल्यावर थोडा वेळ
श्वासाची वाट पाहत उभा राहतो.

साकोलीच्या डॉक्टरीणबाईनं
कागदावर हृदय काढून दाखवलं होतं.
मला ते भरताच्या वांग्यासारखं दिसलं.
पंप बंद नाही पडला, म्हणाली, जोर कमी झालाय.
बाबानं एकच विचारलं :
"मंग पानी कुठी साचते?"
पायात. पोटात. रात्री छातीत.
हे त्याला लगेच कळलं.
चाळीस पावसाळे त्यानं मामा तलावाचं तुडूम सांभाळलं,
कंबरभर पाण्यात उतरून खुंटा उपसला.
कोणाच्या बांधीला किती वेळ, तोंडपाठ.
पाळ आधी कुठं ओलावते
हे त्याच्या अंगठ्याला कळायचं.
आता बाई त्याच्या नडगीवर अंगठा दाबते,
खड्डा पडतो
आणि भरून यायला वेळ घेतो.

आईला वाचता येत नाही.
तिनं गोळ्यांचं बारसं केलं.
सकाळची पांढरी, बारकी : तुडूम.
घेतली की दुपारपर्यंत बाबा परसदारी.
पाण्याबरोबर अंगातलं काही वाहून जाऊ नये
म्हणून दुसरी दिली, ती जाळी,
मासोळी अडवणारी.
उधळलेल्या नाडीला हळू करणारी : कासरा.
एकीनं रात्र रात्र कोरडा खोकला लावला,
तिला नाव मिळायच्या आधीच
बाईनं ती बदलली.
तिच्या जागी आली ती महाग,
दिवसातून दोनदा, वेळच्या वेळी :
जावईबापू.
आणि साखरेची एक आहे,
याला तर साखर नाही.
बाई म्हणते, हृदयालाही चालते.
आई म्हणते, असू दे, राहील घरात.

फागणात आरमोरीला भाच्याचं लग्न.
वऱ्हाडाचा मेटॅडोर, दोन तासांची वाट,
आत बाया, पोरं, बॅन्डवाले.
थांबव रे जरा, कोण म्हणणार दर अर्ध्या तासाला?
बाबानं तुडूम खिशातच ठेवलं.
परतीच्या दिवशीही.
वडे खाल्ले, लोणचं खाल्लं.
लग्नाच्या पंगतीत मीठ कोण मोजतं?

तिसऱ्या रात्री तो खांबाला टेकून बसलेला.
आडवं झालं की पाणी वर चढतं, म्हणाला.
"पार फुटते का मनतो मी."
कंदील धरून मी त्याला काट्यावर नेलं.
एकसष्ट चारशे.
धानात ओल सतराच्या वर गेली
की मी कट्टा परत करतो,
नियमच आहे.
बापाला कुठं परत करू?

टेम्पो. साकोली. तोंडावर मास्क, शिरेत सुई.
उजाडेपर्यंत खाटेखालची पिशवी दोनदा भरली,
मावशीनं दोनदा ओतली.
बाबानं डोळे किलकिले केले,
मास्क बाजूला सारला,
"कोनाच्या बांधीत गेला हा पानी?"
मावशीला काही कळलं नाही.
मी वऱ्हांड्यात जाऊन
तंबाखूची पुडी उगाच उघडली, मिटली.

आज अठ्ठावन्न सहाशे.
चारशे ग्रॅम वर.
फार नाही, तरी विचारतो : घेतली का?
तो बंडीच्या खिशातून
रिकामी चांदी काढून दाखवतो,
तिकिट दाखवावं तशी.
काट्यावरून उतरताना
आधी टाच टेकवतो, जपून,
पाय ओल्या धुऱ्यावर आहे असा.
"चाल," म्हणतो, "पहिला कट्टा कोनाचा हाय?"